दीड बोट

मानेनं सात दिवस उजवीकडे बघायचं नाकारलं,
तेव्हा कापड मशीनवर तसंच टाकून
मी लटारीजींच्या छपरीत जाऊन बसले.

माझ्याआधी नामाजी काळमेघांचा बैल,
पुढचा पाय अधांतरी धरलेला,
आणि अंगणवाडीतली एक पोर, कोपर उतरलेलं,
रडून रडून आता गप्प.
तिला त्यांनी विचारलं, "तुह्या बकरीचं नाव काय वं?"
ती "झिपरी" म्हणेपर्यंत
टक् झालं, कोपर जागेवर.
मग बैल. मग मी.

"मान राहू दे. चप्पल दाखव."
मी चिडले. दुखतं कुठं, पाहतात कुठं!
त्यांनी चप्पल उन्हात धरली.
उजव्या टाचेची बाहेरची कड
झिजून कागद झालेली.
"मशीन याच पायानं चालवतं ना?"
हो.
"कधीपासून?"
सोळाव्या वर्षापासून.
"मंग तेवीस वर्सं हा पाय
मानेले हाका मारून राह्यला, बाई.
तिनं आता आयकलं."

जवसाचं तेल पळीत कोमट झालं.
बोटं घोट्यापासून वर निघाली,
अंधारात ढोलीतले दाणे किती उरले
ते चाचपावं, तशी.
गुडघ्याशी थांबली. माकडहाडाशी जरा जास्तच.
लटारीजींचे डोळे मिटलेले,
मला वाटलं, झोपले.
"श्वास सोड. धरून काऊन ठेवला?
इथं कोनी चोरत नाही."

सोडला.
पाठीत कुठंतरी एक जुनी टीप
आवाज न करता उसवली.

मानेवर अगदी शेवटी दोन बोटं,
कानामागे. तीही नुसती ठेवलेली.
उजवीकडे पाहिलं, लिंबाचं झाड होतं.
आठवडाभर ते तिथंच होतं.

नंतर बैलगाडीतून एक म्हातारा आला,
मांडी सुजून काळी.
लटारीजींनी हात लांबच ठेवला.
"हे माह्या हाताचं नाही.
सेवाग्रामले ने, आजच ने, फोटो काढ."
आणि स्वतःच रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला.

पैसे घेत नाहीत ते.
म्हणून गळ्यातला टेप काढला.
गावातल्या दोनशे माणसांचे खांदे
माझ्या वहीत आहेत, सरळ एकाचेही नाहीत.
मी आतून अस्तर भरते,
शिवण पाव इंच खाली घेते,
माणसं आरशात सरळ दिसतात.
मला तेवढंच येतं.

"बंडीचं माप देता का?"
शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले,
हात मांडीला चिकटवून.
उजवा खांदा डाव्याहून दीड बोट खाली,
अंगठा मुळातून फिरलेला,
सगळा जन्म दुसऱ्यांची हाडं दाबून.
"अन् हे कोण बसवते?"
ते हसले. "तू लिही तं खरं."

लिहिलं. छाती छत्तीस, लांबी सव्वीस,
उजवा खांदा: दीड बोट.

बंडी गुरुवारी शिवून दिली.
अस्तर भरलं नाही.