चिकाचा हिशेब

ओशिवऱ्याच्या नाल्याकडेला आमचा गोठा.
मागे बावीस मजली इमारत, तिचे एसी आमच्या उकिरड्यावर गळतात.
वरून कुणीतरी दर महिन्याला वासाची तक्रार लिहितं
आणि रोज सकाळी सहाला आमच्याच रतीबाची वाट बघतं.

सत्तेचाळीस म्हशी, त्यांतल्या तेरा भाकड.
लग्न होऊन आले, तेव्हा मामंजींनी वही पुढे सरकवली:
"बी.कॉम. ना तू? मग धर."
वहीत दूध होतं, पेंड, सरकी, भुसा, पाण्याचा टँकर,
दोरखंड, डॉक्टर, म्युन्सिपाल्टीचा माणूस.
रेडकांना रकाना नव्हता.

रामअवधला विचारलं.
"बहू, ते आठ-दहा दिवसांत आपोआप निपटतं."

आपोआप.
हा शब्द ना जमेत बसत होता, ना नावे.

मग मीच मोजलं.
चीक पाजायचा नाही, खरवसाला गिऱ्हाईक असतं.
एक सड द्यायचा, तोही पान्हा फुटेपर्यंत,
की ओढून खांबाला.
हगवण. टाकलेली मान. पोतं. पहाटेचा टेम्पो.
वर्षात एकतीस व्याल्या, चार जगली.
उरलेल्यांतल्या एकाचं कातडं भुसा भरून
रामअवध म्हशीपुढे उभं करायचा.
ती चाटायची.
चाटता चाटता दूध सोडायची,
आणि लिटरचा आकडा मी वहीत मांडायची,
सुवाच्य अक्षरात.

यंदा कवडी व्याली, त्या रात्री गोठ्यातच होते.
नाळेला आयोडीन. वार पडायला पाच तास.
"रेडा आहे," रामअवध म्हणाला, सुतकाची बातमी सांगावी तसा.
"मग? पाज त्याला."
तासाच्या आत चीक, पोटभर.
दहाव्या दिवशी जंताचं औषध, कानाला पिवळा बिल्ला,
खाली कोरडा भुसा, रोज बदललेला.
छातीभोवती माझी शिवणाची टेप:
दर आठवड्याला दोन बोटं पुढे.

"नव्वद रुपये लिटरचं दूध," मामंजी म्हणाले,
"कुणाला पाजतेस, कळतं का?"

कळत होतं. तीन महिने कवडीच्या ओळीत दूध पाव हिस्सा कमी.
पण त्याच ओळीत इंजेक्शनचा खर्च शून्य.
कास नितळ, डॉक्टर बाविस्करांची फेरी नाही,
आणि नव्वदाव्या दिवशी ती माजावर आली, पहिल्याच खेपेला फळली.
मागल्या साली अशीच एक आम्ही भाकड म्हणून काढली होती
आणि तिच्या जागी रोहतकहून दुसरी आणली, सव्वा लाखाला.
पारड्या वाढवल्या तर रोहतकचा रस्ताच नको.
आणि रेडे वाढवले,
दीड वर्ष, नीट, कडब्यावर, चुनीवर,
तर देवनारला वजनावर भाव आहे.

हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं.

चुलीवरचा चहा ऊतू गेला, कुणी उठलं नाही.
"गळ्यात लिंग आहे आपल्या," मामंजी म्हणाले.
"आहे," मी म्हटलं.
"पोत्याखाली गेली त्या सगळ्यांच्या वेळीही होतं."

दोन दिवस ते बोलले नाहीत.
गोठ्यात यायचे, गव्हाणीला हात लावून परत जायचे.
तिसऱ्या पहाटे, धार काढताना, माझ्याकडे न बघता:
"छाती किती भरली त्याची?"
मी आकडा सांगितला.
"सरकी थोडी वाढव," म्हणाले. "थंडीत अंग धरत नाही."

आता वहीत नवा रकाना आहे.
पट्टीने ओढलेला, जरा तिरका गेला.
यंदाची अठरा आहेत त्यात, तीन गेली,
गेलेल्यांपुढे कारण लिहिलंय.

कवडीच्या रेड्याला मी नाव ठेवलं नाही.
ठेवणारही नाही, पुढल्या दिवाळीनंतरचा महिना
वहीत आधीच लिहून ठेवलाय.
फक्त त्याच्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे
परवा मोबाईलला कुलूप घालताना
बोटांनी आपसूक दाबले,
आणि आता दिवसातून वीसदा दाबते.