फरक तेवढा

कुपवाडच्या एमआयडीसीत, वरच्या मजल्यावर,
पत्र्याखाली गरम हवा ढवळणारा पंखा.
माझ्यासमोर काळा पडदा: वरचा थर लाल, खालचा निळा.
हळदीच्या वजनकाट्याच्या बोर्डावर
मी दोन रेघा ओढते आहे,
लोडसेलपासून चिपपर्यंत,
फार तर साडेतीन सेंटिमीटर.

तीन दिवस झाले.

एक रेघ जितकी चढते तितकी दुसरी उतरते.
पलीकडची चिप
हिचं ऐकत नाही, तिचं ऐकत नाही,
दोघींतला फरक तेवढा ऐकते.
शेजारी मोटर लागली, रिले खट्कन पडला,
कुणाच्या खिशात मोबाईल वाजला,
ते दोघींवर सारखंच येतं
आणि सारखं आलेलं वजा होतं.
अट एवढीच की त्या शेजारी हव्यात.
शेवटपर्यंत.

मागचा बोर्डही माझाच.
मार्केट यार्डातून मलकारी कोळेकरचा फोन आला होता:
"मॅडम, काटा नाचतोय.
पोतं पन्नास किलो वीस ग्रॅम. ठीक.
पल्याड पॉलिशची मोटर लागली की एकावन्न.
शेतकरी व्यापाऱ्याकडं बघतोय, व्यापारी माझ्याकडं.
मी कुणाकडं बघू?"

गेले. पिवळी धूळ नाकात, चपलेत,
मल्टीमीटरच्या बटणांच्या फटींत.
बोर्ड उघडला, भिंग धरलं,
तर स्क्रूच्या भोकापाशी
एक रेघ डावीकडून गेलेली, एक उजवीकडून,
आणि पुढे परत भेटलेल्या
जसं काही झालंच नाही.
मधे हरभऱ्याएवढी मोकळी जागा.
तिच्यातून मोटर आत येत होती.

शिकलगार सर रागावले नाहीत.
चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले,
"आणि ही नागमोडी कशाला?"
"दोन्हींची लांबी सारखी व्हावी म्हणून, सर.
एका व्हिडिओत..."
"अगं, पोतं तोलायचंय.
पोत्याला कुठली एक्स्प्रेस गाठायचीय?
लांबी राहू दे.
वाटेत दोघींच्या मधे काय शिरलं ते बघ."

आमचं घर गावभागात.
जिन्याच्या अकराव्या पायरीवर पुराची एक रेघ आहे,
रंग दिला तरी ओल धरून वर येते.
पलीकडे आरवाडे काकूंच्या जिन्यावरही, त्याच उंचीला.
तेव्हा दोन गच्च्यांवर आम्ही समोरासमोर होतो,
मधल्या बोळात पाणी आणि कुणाचीतरी तरंगती खुर्ची.
ओसरल्यावर बोललो ते इतकंच:
तुमचा फ्रिज वाचला का? आमचा गेला.
शिलाई मशीन? ते वर नेलं होतं.
पाण्याबद्दल अवाक्षर नाही.
ते काय, दोघींकडे सारखंच होतं.

चिपचं बरोबर आहे.
तिला वजन सांगायचं असतं.

भोक सरकवायला आदगोंडा मगदूम तयार नव्हता.
"खोक्याची डाय झाली, ताई. चार मिलिमीटर म्हणजे
परत माधवनगरला हेलपाटा."
दोन चहा झाले, मग झाला तयार.
आता रेघा सरळ जातात,
वळल्या तर बरोबर वळतात,
खाली तांब्याचा थर सलग, कुठे चर नाही.
बघण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही.

नवा बोर्ड गेला त्याच्या पुढच्या मंगळवारी
मलकारीचा फोन.
"पन्नास वीस. हलत नाही बघा."
"मोटर बंद असेल."
"बंद? थांबा."
त्यानं फोन मोटरकडे धरला असावा.
घरघर, पट्ट्याची फटफट, ड्रममध्ये हळकुंडांचा खडखडाट,
मागे कुणीतरी कुणालातरी हाक मारतंय, सुपारी मागतंय.

तो फोन परत कानाला लावायला विसरला,
आणि मीही ठेवला नाही.