दोरा

दिवसाला हजार विड्यांना दोरा बांधते मी.
पान, जर्दा, वळकटी, दोन वेढे, गाठ.
सैल बांधली तर तपासनीस छाटात टाकतो,
घट्ट बांधली तर ओढणाऱ्याला दम लागतो.
निपाणीतल्या बायांची बोटं हे झोपेतही जाणतात.
खरं माझ्याच पोरीच्या तोंडातला दोरा
मला बावीस दिवस दिसला नाही.

ती चघळायची, ओढायची नाही.
टक् टक् करत सुटायची,
सायकलची साखळी सुटावी तशी.
दूध गळून मानेच्या वळीत आंबायचं,
माझ्या छातीला भेगा, पदराला रक्त.
सासूबाई म्हणाल्या, दूधच पातळ.
शेजारीण म्हणाली, मीठमोहऱ्या ओवाळ.
आणि काट्यावर पोरगी
बारशाच्या दिवशी जन्मापेक्षा हलकी.

चिकोडीच्या दवाखान्यात महादेवी सिस्टरनी
हात धुतले, करंगळी आत घातली,
जीभ वर उचलली.
टोक मध्येच खचलेलं, पत्त्यातल्या बदामासारखं.
"दारा ऐतरी," त्या म्हणाल्या.
"दोरा?" मी म्हटलं.
एका मात्रेच्या अंतरावरून
दोघी एकाच जागी बघत होतो.

डॉक्टर म्हणाले, सगळेच दोरे कापायचे नसतात.
हा वरच्या ओठाखालचा राहू दे, नडत नाही.
जिभेखालचा नडतोय.
मग कात्री. रोज पानं कापते मी तिनं,
तरी डोळे मिटले.
एक थेंब रक्त, एक किंकाळी,
आणि रडता रडताच छातीशी.
मी पाय रोवून कळ यायची वाट बघत बसले.
घुटक.
मग परत घुटक.
बावीस दिवसांत पहिल्यांदा
कुणीतरी गिळताना ऐकू आलं मला.

बाबा पिशवी धरून दाराशी उभे होते.
बाबा तसेही कधी फार बोलत नसत.
नाव रवळू. त्यांना यायचं 'लवयू'.
रेशनकार्डावर कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं: लऊ.
मराठी शाळेतले मास्तर म्हणत, हा कानडी असेल;
कानडी पोरं म्हणत, मराठी आहे, सोडा.
तंबाखूच्या वखारीत पोती मोजायचे ती बोटांनी,
कारण 'चार' म्हटलं की मागून हशा.
बसमध्ये गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून न्यायचे.

त्या रात्री न्हाणीत, आरशासमोर,
साठीचा माणूस, एका हातात टॉर्च.
जीभ उचलायला गेले, ती उचललीच नाही.
"माझापन हाय की गं," म्हणाले.
मी पण बघितलं. चांगला जाड दोरा,
आमच्या गाठीपेक्षा घट्ट.

त्यांचं सोपं गेलं नाही.
सुई, टाके, आठवडाभर पेज.
मग दर मंगळवारी एक शिकवणारी पोरगी,
वरच्या ओठाला काकवी लावायची आणि म्हणायची, चाटा.
बाबा लाजायचे. मग चाटायचे.
साठ वर्षांची सवय कात्रीने जात नाही
हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.
र अजून आलेला नाही.
येईल, नाहीतर नाही येणार.
ळ मात्र आला, एका सकाळी,
चहाला गूळ मागताना.
आईने ऐकलं, आणि डबाच पुढे केला.

परवा स्टँडवर म्हणाले, "बेळगाव. एक."
कंडक्टरने मानसुद्धा वर केली नाही.
"हिंद होग्री."
बाबा मागे गेले, खिडकीशी बसले,
आणि काकतीपर्यंत दुकानांच्या पाट्यांवरचे
ळ तेवढे वाचत गेले, केळी, नारळ,
कानडीतलेसुद्धा, अर्धेमुर्धे,
शेजारी बसलेल्या बाईला ऐकू जाईल असे.

मी इथे सूप मांडीवर घेऊन.
दोन वेढे, गाठ.
पोरगी पाय झाडत पडलीय,
येईल जाईल त्याला
जीभ बाहेर काढून दाखवते.