पावती

दारात उभा राहू नकोस, एलिस, वारा आत येतो.
बूट काढ. मोजे ओले असले तरी चालेल,
रेडिएटरवर आधीच चार जोड वाळताहेत.
केमीत डिसेंबरमध्ये दुपारी दोनलाच दिवे लागतात,
तेव्हा बुधवारचे साडेपाच म्हणजे मध्यरात्रच,
आणि चर्चच्या तळघरातल्या या खोलीला
खिडकी आहे ती जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय दिसण्यापुरती.
आतलं कुणाला दिसत नाही. मी बाहेर वाकून पाहिलंय.

मी तुओवी. वय एकेचाळीस.
माझी आई बसायची सुपरमार्केटच्या दारातल्या यंत्राशी,
ट्रॉल्यांच्या रांगेला लागून.
‘आलेच,’ म्हणायची.
आलेच हा शब्द किती लांबतो
ते मला सातव्या वर्षी कळलं:
गोठवलेले मटार मऊ होईपर्यंत,
दुधाच्या खोक्याला घाम सुटेपर्यंत,
धाकट्याचं नाक वाहून वाळेपर्यंत.
शेजारची हिल्का यायची, आईशी हवापाण्याचं बोलायची,
जाता जाता स्वतःचंही एक नाणं टाकायची.
कुणाला काहीच वावगं वाटत नव्हतं.
काचेआड फळं फिरायची. चेरी, टरबूज, चेरी.
खरी चेरी त्या वर्षी घरात आली नाही.

तुझ्या बाबांचं यंत्र खिशातच असतं, म्हणालास फोनवर.
म्हणजे वाट बघायला दारसुद्धा नाही.
पांघरुणाखाली निळा उजेड,
आणि तू भिंतीकडे तोंड करून
श्वासावरून हिशेब लावतोस.
हरले की घर गप्प.
जिंकले की पिझ्झा, लहानीला बाहुली, तुला खांद्यावर थाप,
आणि तुला त्या पिझ्झाचीच जास्त भीती वाटते.
हे तू सांगितलं नाहीस.
मान हलवलीस, तेवढं पुरे.

ती साइमी. घरमालकाशी आईच्या आवाजात बोलते,
इतकं हुबेहूब, की तिचा स्वतःचा आवाज
इथं यायला लागल्यावर तिसऱ्या बुधवारी ऐकला आम्ही.
तो यालो. अठरा पूर्ण झाले
त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या नावावर कर्ज निघालं.
केक अजून फ्रिजमध्ये होता.
मागे कुणीतरी वेळ घालवायला सोंगट्या-फासे आणले,
साइमी उठली आणि बराच वेळ हात धूत राहिली.
तेव्हापासून इथं आम्ही नुसते बन भाजतो.
वेलची जास्त पडते. यालो ऐकत नाही.

मी तुला काय सांगू?
बाबांना कसं थांबवायचं ते मला माहीत नाही.
मी आईचे बूट लपवले होते,
पाकीट पिठाच्या डब्यात पुरलं होतं,
गणितात पहिली आले, तर ती थांबेल म्हणून.
ती माझ्या गणितामुळे बसत नव्हती,
माझ्या गणितामुळे उठलीही नाही.
हे कळायला मला वीस वर्षं लागली.
तुला आज कळलंच पाहिजे असं नाही.

काय काढतोयस मोज्यातून?

चाळीस युरो. ओलसर, चौघडी घातलेले.
लहानीच्या स्केट्ससाठी.
घरात आता जागा उरली नाही,
गादीखाली सापडले, पुस्तकात सापडले,
आणि बाबा दोन्ही वेळा रडले,
दोन्ही वेळा तूच त्यांना पाणी दिलंस.

थांब. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ असं मी म्हणणार नाही,
ते वाक्य तू पोटभर ऐकलंयस.
इकडे बस. तुझ्यासमोर मोजते.
दहा, वीस, तीस, चाळीस.
हा लोखंडी डबा, कपाटात राहतो.
किल्ल्या दोन: एक माझ्याकडे,
दुसरी वरच्या मजल्यावर राइलीकडे.
ही पावती. तारीख, रक्कम, माझी सही.
खाली तुझी कर.
कधीही ये, कारण न सांगता परत माग.

फोन वाजतोय तुझा.
बाबा?
उचल, नाहीतर नको उचलू, दोन्ही चालतं.
बन गरम आहे.

त्यानं फोन पालथा ठेवला.
पावतीची घडी घातली, उघडली,
पुन्हा एकदा वाचली.