दुरुस्ती

कुलासो मिस फळ्यावर त्रिकोण काढतात,
पाया वर, टोक खाली.
महत्त्वाचं आधी, म्हणतात,
मग त्याहून कमी, मग त्याहूनही कमी.
जागा पुरली नाही तर संपादक खालून कापतो
आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी पाळीची.
आमच्याकडे हा त्रिकोण सुलटा असतो,
मागल्या दारातून दिसतो, तांबडा,
खाणीतून उपसलेल्या, कुणालाच नको असलेल्या मातीचा.
महत्त्वाचं होतं ते बार्जमधून केव्हाच गेलं.
आम्ही राहतो ते खालच्या परिच्छेदात.

गृहपाठ : आपल्या गावातली बातमी. दोनशे शब्द.
विशेषणं नकोत. सहाही ककार हवेत.

म्हापशाहून डिचोली, डिचोलीहून साखळी,
तिथून मिळेल त्या वाहनाने घर.
वर्गात इंग्रजी, बसमध्ये कोंकणी,
वहीत मात्र मराठी,
कारण बाबा वाचतात ते मराठीच.

रात्री त्यांच्यासमोर बसले.
कोण? "बरय, तुजो बापूय."
काय? "ट्रक."
कुठे? "दारांत. दिसना तुका?"
कधीपासून?
यावर त्यांनी बोटं मोजली,
माझ्या इयत्तांवरून हिशोब लावला :
तू पाचवीत... ना, सातवेच्या परिक्षे आदीं.
का?
टीव्हीचा आवाज वाढला.
कसं, हे मी विचारलंच नाही.
"जेवलें गो?" हा सातवा प्रश्न त्यांचा.

लिहिलं, आणि वाटलं, छान कोरडं जमलंय.
पाळी, दि. ९ : येथील एका टिप्परमालकाचा...
बँकेचा हप्ता, गाडीची किंमत,
सहा टायर, त्यातले दोन गुळगुळीत.
आणि अगदी टोकाला :
दर रविवारी सकाळी ते इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतात,
बॅटरी उतरू नये म्हणून.
कोंबड्या उठून जातात. आई वाळत घातलेले कपडे आत घेते.

मिसनी लाल पेनाने टोक उडवलं.
'नेमकं', समासात लिहिलं.
बरोबरच होतं.
मलाही दुसरं काय काढावं ते सुचलं नसतं.

कॉलेजच्या मासिक पत्रकात बातमी आली.
बाबा कुठलाही पेपर मागून वाचतात,
आधी मृत्युवार्ता, मग टेंडरं,
पुढच्या पानाला हात लागेतो चहा थंड.
माझी बातमीही त्यांनी खालून वर वाचली,
चष्मा काढला, पुसला.
"चूक आसा. टायर धा."

बाबा, मी मोजले. सहाच आहेत.

"धा टायरांची गाडी ती."

मागच्या जोड्यांतले आतले चार विकलेत ना?

"विकले म्हूण गाडी स टायरांची जायना."

ते झोपल्यावर टॉर्च घेऊन गेले.
वाकून पुन्हा मोजले.
सहा.
आत, जिथे काही नव्हतं,
तिथे बोटाला लागलं ताजं ग्रीस.

सोमवारी मिसना विचारलं :
सूत्रं दोन आहेत. एक मोजणारं, एक मालक.
दोघांचंही खरं असलं तर काय छापायचं?
त्या पेनाचं टोपण चावत राहिल्या.
मुख्यमथळ्यापासून मानहानीपर्यंत
सगळं येतं त्यांच्या नोट्समध्ये,
हे नव्हतं.
"दुरुस्ती दे," म्हणाल्या शेवटी.

पुढच्या अंकात, कँटीनच्या जाहिरातीखाली, चौकटीत :

*मागील अंकातील बातमीत टिप्परच्या टायरांची संख्या
सहा अशी प्रसिद्ध झाली.
मालकाच्या म्हणण्यानुसार ती दहा आहे.
चूक वार्ताहराची.*

बाबांनी चौकट कापून घेतली,
आरसी बुकात ठेवली.

रविवारी मी घड्याळ लावून बसले.
कोंबड्या उठल्या. आईने दोऱ्या मोकळ्या केल्या.
दहा नव्हे, चौदा मिनिटं.
तेही चुकलंच होतं माझं,
पण ते छापलं गेलं नव्हतं.