पुढचं दार

सुट्टीत गेलो होतो तेव्हा आईच्या दाराला डोळा बसवून आलो.
चार स्क्रू, एक बॅटरी,
आणि शेजारच्या लिअँडरकडून उसनं आणलेलं ड्रिल.
आता इथे अल्बर्टात, दोन मजले उंच ट्रकच्या केबिनमध्ये,
दिवसभर तेलकट वाळू वाहायची
आणि जेवणाच्या सुट्टीत न्यूफाउंडलंडमधल्या
तीन पायऱ्या बघत बसायचं.
इथे बारा वाजतात तेव्हा तिथे साडेतीन,
उन्हं कलायला लागलेली.
पायऱ्यांवर कोणी नसतं.

'हालचाल आढळली,' फोन सांगतो.
हालचाल म्हणजे वाऱ्याने लोटलेली बादली.
हालचाल म्हणजे बर्फ, आडवा.
एकदा पहाटे भिंगाला नाक लावून हुंगणारा
घोड्याएवढा मूस,
आणि मग दिवसभर
त्याच्या श्वासाचा धुरकट डाग.
माणूस नाही.
एक आठवडा नाही, दुसरा नाही.

न राहवून फोन केला. म्हटलं, आई,
तुझ्याकडे कोणीच कसं येत नाही?
मागे किटली शिट्टी घालत होती, कोणी पत्ते पिसत होतं,
मॅज कूम्ब्स खोकत होती,
तिचा खोकला मी झोपेतही ओळखीन.
आई म्हणाली, अरे बाबा,
आपल्याकडे पुढच्या दाराने येतं कोण?

खरंच की. विसरलोच होतो.
आमच्या गावात पुढचं दार पोलिसांसाठी, पाद्र्यासाठी,
आणि शवपेटी न वळवता बाहेर काढता यावी म्हणून.
बाकी सगळं गाव मागून येतं,
न ठोठावता, बुटांचा बर्फ झटकत,
हातात ताटलीखाली झाकलेलं काहीतरी.
सतरा वर्षं बाहेर काढली की
माणूस स्वतःच्या घरीसुद्धा पुढून जायला लागतो.

मग मागच्या दाराला लावू का?
नको, म्हणाली. तिथे काय बघायचंय,
तिथे तर मीच असते.

आणि दुसऱ्या दिवसापासून तिने काय सुरू केलं, तर
साडेतीनला कोट चढवायचा, मागच्या दाराने निघायचं,
घराला अर्धा वळसा घालून पुढे यायचं
आणि स्वतःच्याच दाराची घंटा वाजवायची.
फोन मी कधी उचलतो, कधी नाही, हे तिला पाठ आहे.
घंटेला मात्र धावतो. चोर असला तर!
मग दोन मिनिटं बोलते: गुडघा, कॉडचा भाव,
चर्चचं गळकं छप्पर, कोण गेलं.
भिंगाकडे बघत नाही, त्याच्या वीतभर वर बघते,
मी समोर उभा आहे
आणि अजून तिच्यापेक्षा उंच आहे असं धरून.

नाताळानंतरच्या एका संध्याकाळी अवेळीच घंटा.
पायरीवर उशीच्या अभ्र्याचं तोंड, त्याला दोन भोकं.
उलटा घातलेला कोट, पोटाशी कोंबलेली गोधडी,
पायात बाबांचे रबरी बूट.
आमच्याकडे त्या बारा दिवसांत अशी सोंगं दारोदार फिरतात.
ओळखलं नाही तोवर तोंड उघडं करत नाहीत.
आवाज कळू नये म्हणून श्वास आत ओढत
सोंग म्हणालं, 'सांग, मी कोण?'

'अनोळखी व्यक्ती,' फोन म्हणाला.
मी म्हटलं, लिअँडर. मान हलली, नाही.
मॅज? नाही.
मॅजचा जावई, तो सुतार? छे, छे.
बाहेर उणे चौतीस, रांगेतला मागचा ट्रक
हॉर्न बडवतोय,
आणि मी पडद्याला नाक लावून, त्या मूससारखा.

तेवढ्यात सोंगाने मान जराशी उचलली
आणि माझ्या डोक्याच्या वर, वीतभर वर, कुठेतरी बघितलं.

मी लगेच सांगितलं नाही.
आणखी तीन-चार चुकीची नावं घेतली, सावकाश.
दर नावाला अभ्रा हलायचा.
त्यात एक बाबांचं होतं.
तेवढ्या नावाला
हलला नाही.