वरची हवा, खालची हवा

सत्तावीस वर्षं मी नववीला सांगत आले:
पंख वरून फुगीर,
म्हणून वरच्या हवेची वाट लांबची, खालचीची जवळची,
आणि दोघींना पलीकडे एकाच वेळी पोचायचं असतं.
म्हणून वरची धावते, दाब घटतो, विमान उचललं जातं.
मग वहीच्या कागदाची पट्टी ओठांशी धरून फुंकर.
पट्टी वर. टाळ्या. घंटा.

दोघींना भेटायचंच कशाला असतं, बाई?
तिसऱ्या बाकावरून तस्नीम बागवान.
मी म्हणाले, परीक्षेला नाही ते. खाली बस.

परवा ती आली. खांद्यावर तीन पट्ट्या, हातात पेरूंची पिशवी.
रिक्षात म्हणाली, हात बाहेर काढा.
तळवा सपाट. आता बोटं जराशी वर.
विश्रांतवाडीच्या चौकापर्यंत
हात कोपरापासून आपोआप उचलला जात राहिला.
"पंख हवेला खाली लोटतो, हवा त्याला वर.
आणि वरची हवा आधीच पोचते, बाई.
खालचीसाठी थांबत नाही."

धानोरीत आमच्या गच्चीवरून विमानाची चाकं मोजता येतात.
एक गेलं. आवाजही गेला. मी चहा ओतला.
आणि मग, पान हलत नसताना,
कुरडयांचा प्लास्टिक कागद एका कोपऱ्यानं उठला, गरगरला,
चाळीसेक कुरडया इनामदारांच्या टाकीवर.
इतकी वर्षं मी कबुतरांना शिव्या घातल्या.

"पंखांच्या टोकांशी
खालची दाबलेली हवा वर चढू बघते, पिळवटते.
दोन आडवे भोवरे मागे सुटतात,
हळूहळू खाली उतरत राहतात.
विमान जड, त्यात सावकाश, तर जास्तच.
मागच्या लहान विमानाला म्हणून थांबवतात.
समोर कुणी नसलं तरी."

दिसत नाहीत?
"धुकं असलं तर. कधीतरी."

रात्री हिशेब केला:
सत्तावीस वर्षं, दोन तुकड्या, पन्नास पन्नास डोकी.
सत्तावीसशे.
फळा पुसून मी केव्हाच घरी आले,
आणि कुठेतरी कुणी आपल्या मुलीला
आत्ताही फुंकर मारून दाखवत असेल.

सकाळी कागदाच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.
तस्नीमचा फोन बंद. वर असणार.
मग जुन्या वहीतून एक पट्टी फाडली,
ओठांशी धरली.

उचलली गेली मेली,
अगदी पूर्वीसारखी.